चंदाच्या ओळीतलं नाव

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सचिव माननीय रविकांतजी, व्यासपीठावरील मान्यवर, माझ्या सहकारी भगिनी, गेट सोडून खास इथवर आलेले आमचे चौकीदार सूर्यभानभाऊ, आणि मागच्या रांगेत आतापासूनच नाक ओढत बसलेल्या माझ्या वसतिगृहातल्या मुलींनो,

मी कुंदा, तुमची रेक्टर. मुली मला मागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, ते आज नको. वसतिगृहाचं कामकाज संगणकावर आणणारी आपली आरती अमरावती सोडून पुण्याला निघाली आहे. शालीआड लपू नकोस बाई, मी सोडणार नाही.

आरतीनं आम्हाला संगणकावर एक तक्ता करून दिला. एका मुलीची एक ओळ. त्यात एक रकाना, 'घरी कोण नेणार'. तिथे टिचकी मारली की पर्याय खाली उघडतात: वडील, आई, आजी, मामा. त्याला ड्रॉपडाऊन म्हणायचं, हेही तिनंच शिकवलं. तिथे जे निवडलं तेच सूर्यभानभाऊंच्या मोबाइलवर दिसतं. मग प्रत्यक्ष सचिव आले तरी गेट उघडायचं नाही. क्षमा असावी, अध्यक्ष महाराज!

चंदा तेव्हा सहावीत होती. दिवाळीच्या तोंडावर मी तिच्या ओळीतला फोन नंबर बदलला, फक्त नंबर. दुसऱ्या दिवशी बार्शीटाकळीहून तिच्या आजी मैनाबाई न्यायला आल्या, तर सूर्यभानभाऊ म्हणाले, "माय, इथं वडील दिसून राहिले. त्याईलेच पाठवा."

मैनाबाई म्हणाल्या, "तिचा बाप तं कवाचाच गेला, भाऊ. त्याले आता कोठून आणू मी?"

मी धावत गेले, गेट उघडलं. पण आत बॅग घेऊन उभ्या असलेल्या चंदानं मला विचारलं, "मॅडम, बाबा येनार होते काय?" काय सांगायचं हो अशा वेळी?

दोष असा होता की, दुरुस्तीसाठी ओळ उघडली की ड्रॉपडाऊन आधीची निवड विसरून सरळ पहिल्या पर्यायावर जाऊन बसायचा, आणि 'जतन करा' दाबलं की तेच पक्कं. आरती रडलीही आणि कामालाही लागली. आता ओळ उघडली की आधी तिथे काय होतं तेच निवडलेलं दिसतं. बदलायचं असेल तर माणसानं आपल्या हातानं बदलायचं.

एवढ्यावर थांबेल ती आरती कसली! ती माफी मागायला बार्शीटाकळीला गेली आणि जेवून आली. मग दर सुट्टीत जायला लागली. पुढे मैनाबाईंचे गुडघे गेले, तेव्हा त्यांनीच फर्मान काढलं, "मले एसटी चढवत नाई आता. तूच आनत जा हिले घरी." तेव्हापासून चंदाच्या त्या रकान्यात एक नवा पर्याय आहे, आरतीताई.

मागच्या आठवड्यात आरती मला म्हणाली, "मॅडम, आता तिथे तुमचं नाव टाका." मी ओळ उघडली. जुना दोष राहिला असता तर हिचं नाव आपोआप गेलं असतं, कुणी कुणाला बोल लावला नसता. पण हिनं तो दुरुस्त करून ठेवलेला! नाव काढायचं तर मलाच काढावं लागणार होतं. माझा हात काही होईना. शेवटी चंदाला बोलावून विचारलं. आता बारावीत आहे ती. म्हणाली, "राहू द्या मॅडम. ताई येईल." मी 'रद्द करा' दाबलं.

तुम्ही सर्वांनी माझी ही बडबड मायेनं ऐकून घेतलीत, तुमचे मनापासून आभार. वऱ्हाडी माणूस, बोलण्यात काही उणं-अधिक गेलं असेल तर पोटात घाला.

आणि आरती, दिवाळीची सुट्टी लागली की गेटवर ये. सूर्यभानभाऊ चंदाला दुसऱ्या कुणासोबत सोडायचे नाहीत.