सिस्टरांच्या अर्जाला जोडलेली मेंढरांची पावती

या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या शिक्षण संस्थेचे आधारस्तंभ सन्माननीय काकासाहेब, व्यासपीठावर विराजमान असलेले वैद्यकीय अधिकारी डॉक्टर धर्मराज, सरपंच उषाबाई, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत त्या आसराबाई सिस्टर, आणि आष्टी पंचक्रोशीतल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

सिस्टरांच्या एकतीस वर्षांच्या सेवेबद्दल डॉक्टरसाहेब बोलले. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जण सिस्टरांच्याच हातावर जन्मले, त्यामुळे मी त्यात काय भर घालणार? मी बँकेचा माणूस. इथल्या शाखेतून निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली. मी सांगणार आहे ते गेल्या वर्षभरातलं. सिस्टर मलेशियाला राहायला चालल्या, हे गावभर झालं. पण कशा चालल्या, हे किती जणांना ठाऊक आहे?

तिसऱ्या रांगेत पटका बांधून बसलेत ते मल्हारी, सिस्टरांचे धाकटे दीर. त्यांना व्यासपीठावर बोलावलं होतं, आले नाहीत. त्यांची मुलगी बेबीनंदा चौदा महिन्यांची असताना तिची आई गेली. मल्हारी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघायचे ते पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचे. लेकराला कुठे नेणार? सिस्टरही तेव्हा नुकत्याच विधवा झालेल्या. त्यांनी पोरीला आपल्या क्वार्टरमध्ये आणलं, वाढवलं, शिकवलं. आज ती तिकडे एका औषध कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. तिला दिवस गेले तेव्हा तिने फोन केला, "माई, तू आता माझ्याकडेच राहायला ये."

पण कागदावर सिस्टर तिची आई नव्हे, चुलती. चुलतीला तिथे कायमचं बोलावता येत नाही, असं कळलं. मग तिनेच दुसरा रस्ता शोधला. निवृत्त माणसाने स्वतःच्या पैशावर तिथे येऊन राहायचं, असाही एक परवाना असतो. मला तर नवलच वाटलं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला कुणी विचारतं का, की बाबा, तुझ्याजवळ जगायला किती आहे? तिथे आधी तेच विचारतात. पेन्शन किती, बँकेत ठेव किती, आणि ती आली कुठून.

सिस्टर कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. ग्रॅच्युइटी, फंड, परतूरचं घर विकलं त्याचे पैसे, सगळं मांडलं. एकूण आकडा मी इथे सांगणार नाही. सव्वासहा लाख कमी पडत होते, एवढंच सांगतो.

बेबीनंदाने दुसऱ्याच आठवड्यात पैसे पाठवायची तयारी केली. सिस्टर नको म्हणाल्या. अर्जात छापलं होतं की रक्कम अर्जदाराची स्वतःची असावी. मी म्हटलं, बक्षीस म्हणून लिहू. त्या म्हणाल्या, "अण्णासाहेब, पोरीच्या घरी राहायला जायचं आणि तिचेच पैसे माझे म्हणून दाखवायचे? मला ते जमणार नाही."

मग उरली जमीन. यजमानांच्या वाट्याची अडीच एकर सिस्टरांच्या नावावर होती. कसत होते मल्हारी. सिस्टरांनी त्यातला एक दाणा कधी मागितला नाही, आणि आपल्यामागे ती मल्हारींनाच द्यायची, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. आता तीच विकायची वेळ आली. हे दिराला सांगायला जाताना त्यांनी मला सोबत नेलं. एकतीस वर्षं कुणाच्याही दारात न अडखळलेल्या या बाई त्या दिवशी पाण्याचा तांब्या हातात धरून आधी पावसापाण्याचंच बोलत राहिल्या.

मल्हारींनी सगळं ऐकून घेतलं. भाव विचारला. मग म्हणाले, "भायेरच्याला कशाला इकता? मीच घेतो. मेंढरं काढतो."

सिस्टर म्हणाल्या, निम्म्या भावाने घ्या. ते ऐकेनात. "कागद परदेशात जानार हाये. खरा भाव लिवा. मेंढरं पुन्ना व्हतील, जमीन पुन्ना व्हत न्हाई."

ऐंशी मेंढरं होती. दोन बाजारांत विकली गेली. खरेदीखताच्या दिवशी परतूरच्या कचेरीबाहेर सिस्टर मला म्हणाल्या, "जे द्यायचं होतं, ते विकलं हो मी." मी नोकरीत शेकडो व्यवहार पाहिले, पण विकणारं माणूस इतकं खिन्न आणि घेणारं इतकं निवांत, असं कधी पाहिलं नव्हतं.

ठेव पूर्ण झाली, अर्ज गेला. महिन्याने पत्र आलं. जमीन घेणारा तुमचा नातेवाईक दिसतो, त्याच्याकडे पैसे कुठून आले? आता काय करायचं? मल्हारींनी पटक्याच्या पदरातून बाजार समितीच्या दोन पावत्या काढल्या. मी त्यांचं इंग्रजी केलं. नर किती, माद्या किती, कोकरं किती. माझ्या आयुष्यात मी असा अनुवाद केला नव्हता. ते वाचणाऱ्या साहेबाच्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल, याची मला अजून उत्सुकता आहे.

मग सिस्टरांना मुंबईला मुलाखतीला बोलावलं. समोर एक अधिकारी बाई होत्या. त्यांनी सगळे कागद पाहिले, ठीक आहेत म्हणाल्या. आणि उठता उठता सहज विचारलं, "तुमचे दीर आता काय करतात?"

सिस्टरांना ते ठाऊकच नव्हतं. पाच महिने कागदांच्या मागे धावताना हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. मीही नाही. मंजुरीचा कागद हातात होता, तरी परतूरला उतरल्यावर त्या कुठे थांबल्या नाहीत. मी त्यांना घ्यायला गेलो होतो, तर मला घेऊन थेट मल्हारींच्या शेतावर आल्या. ते बांधावर बसले होते. काठी अजून हातात होती, समोर काही नव्हतं. सिस्टरांनी विचारलं, "मल्हारी, तुम्ही सध्या काय करता?"

ते म्हणाले, "सवय मोडून राह्यलो, वहिनी."

सिस्टर तिथेच बांधावर त्यांच्याजवळ बसल्या. ऊन उतरेपर्यंत दोघांपैकी कुणी उठलं नाही. मी जरा लांब जाऊन उभा राहिलो.

परवा मल्हारी माझ्याकडे आले होते. नातवाला बघायला महिनाभर जायचं म्हणतात. पासपोर्टचे फोटो काढलेत. मला विचारलं, "अण्णासाहेब, मलाबी काय हाये-न्हाई ते दावावं लागंल का?" मी म्हटलं, लागेल. तर सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला नवा सातबारा काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "मंग हे बघा. बराबर हाये का?"

मी चष्मा लावून वाचला. अडीच एकर, नाव मल्हारी धुळाजी. बराबर होता.

काकासाहेबांनी मला वेळ दिला, आपण शांतपणे ऐकलंत, याबद्दल मी आपल्या सर्वांचा ऋणी आहे. खातेदाराची माहिती बँकेच्या माणसाने चारचौघांत सांगायची नसते. सिस्टरांनी परवानगी दिली म्हणून ती चूक मी आज केली. मल्हारींना मात्र मी विचारलं नव्हतं. त्यांनी, आणि आपणही, मला उदार मनाने क्षमा करावी. सिस्टर, सुखाने जा. नमस्कार.