अकरा वाजताचा प्रश्न

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले मोठे साहेब, त्यांच्या शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या क्लाउड विभागाच्या प्रमुख बाई, समोरचे सगळे डेव्हलपर, डेपोतून वेळ काढून आलेली ड्रायव्हर-कंडक्टर मंडळी, आणि तिसऱ्या रांगेत खुर्चीच्या टोकावर बसलेली माझी बायको, सगळ्यांना नमस्कार.

निरोपाच्या सभेत उभं राहायची ही माझी तिसरी वेळ. पहिल्या निरोपाला तुम्ही भिंतीवरचं घड्याळ दिलंत, दुसऱ्याला प्रवासाची बॅग. घड्याळ चालू आहे. बॅग अजून कोरी आहे. आज काय मिळणार ते ठाऊक नाही, पण कृपा करून परत बोलावणं देऊ नका.

मी सारखा समोरच्या घड्याळाकडे पाहतोय, त्याबद्दल राग मानू नका. अकराला सात मिनिटं कमी आहेत. त्याच्या आत मला एक गोष्ट सांगायची आहे. मी सातवी शिकलेला माणूस. म्हणून लिहून आणलंय.

तळमजल्यावरच्या मशीनच्या खोलीत मी एकोणीस वर्षं काढली. त्या मशीनवर एक जुना प्रोग्राम आहे. रोज अकरा वाजता तो उद्याचा ड्युटी चार्ट काढतो. कुठली गाडी, कुठला ड्रायव्हर, किती वाजता. चार्ट नाही तर उद्या गाड्या डेपोतच. रविवार असो, सणवार असो, अकरा म्हणजे अकरा.

मग तुम्ही लोकांनी सगळं क्लाउडमध्ये न्यायचं ठरवलं. बाईंनी मला फार प्रेमाने समजावलं होतं. म्हणाल्या, "काका, आता प्रोग्राम मशीनवर ठेवायचा नाही. त्याला लागेल ते सगळं बरोबर देऊन डब्यात भरायचं. आणि डब्यांवर एक मुकादम."

मी विचारलं, "मुकादम कोण? कुणाची नेमणूक झाली?"

"तोही प्रोग्रामच. त्याला फक्त लिहून द्यायचं, अमुक डबा कायम चालू हवा. तो दर थोड्या वेळाने डब्याला हाक मारतो. डब्याने ओ दिली नाही, की तो मेला असं धरतो आणि नवा उभा करतो."

तिकिटांचा प्रोग्राम डब्यात गेला, मजेत चालला. पासांचा गेला. आमच्या खोलीतले चार ऑपरेटर, ज्याचा त्याचा प्रोग्राम गेला तसे, एकेक करून घरी गेले. पाचवा मी, चार्टवाला. ड्युटी चार्टचा प्रोग्राम मात्र डब्यात घातला की पडायचा. मुकादम उठवायचा, परत पडायचा. बाईंनी एकदा पडद्यावर दाखवलं, एका सकाळीत सत्तेचाळीस वेळा. डेव्हलपर मंडळींनी डोकी फोडून घेतली. मूळ लिखाण हरवलेलं, ज्यांनी लिहिलं ते साहेब केव्हाच परदेशी गेलेले. शेवटी ठरलं, हा प्रोग्राम जुन्या मशीनवरच राहू द्या, आणि त्याच्यासोबत या काकांनाही; डब्यातली एक प्रत फक्त चाचणीसाठी चालू राहिली.

पहिल्या निरोपानंतर दुसऱ्याच दिवशी सव्वाअकराला दारात जीप उभी. दुसऱ्या निरोपानंतर आम्ही लेकीकडे निघालो होतो, गाडीत बसलो होतो, जुनी ट्रंक वर टाकली होती, तेवढ्यात फोन. उतरलो. मी खोलीत जायचो, दार लावायचो, पाच मिनिटांनी फडक्याला हात पुसत बाहेर यायचो. तुम्ही म्हणायचात, "डॉक्टर आले, पेशंट उठला!" ते नाव मला चिकटलं. मीही एक स्क्रू ड्रायव्हर खिशाला लावून फिरायला लागलो.

त्या स्क्रू ड्रायव्हरने मी आजवर एकही स्क्रू फिरवलेला नाही.

अकराला पाच कमी.

दार लावून मी काय करायचो? अकरा वाजले की त्या मशीनच्या पडद्यावर एक ओळ येते. अक्षरं इंग्रजी, शब्द आपलेच. "कुणी आहे का?" पूर्वी चार्ट कागदावर निघायचा, तेव्हा प्रिंटरजवळ माणूस आहे ना, एवढं पाहायला त्या साहेबांनी ती घातली होती. प्रिंटर भंगारात गेला, चार्ट मोबाइलवर जायला लागला, ओळ राहिली. तिच्यापुढे मी टाइप करायचो, "आहे." बस. मग तो कामाला लागायचा.

हसा, हसा. मलाही पहिल्या वर्षी हसू यायचं.

डब्यात तो हेच विचारत असणार. तिथे कोण आहे उत्तर द्यायला? उत्तराची वाट पाहत तो गप्प बसायचा. मुकादमाला वाटायचं, मेला. आणि मला सगळं ठाऊक असताना मीही गप्प बसलो. का? चौघांना घरी जाताना पाहिलं होतं म्हणून. एका शब्दासाठी ठेवलेला माणूस, तो शब्द सांगितल्यावर कोण ठेवील? पुढे भीती गेली, पण मग लाज आली. इतकी वर्षं डॉक्टर म्हणवून घेतलेल्या माणसाने कुठल्या तोंडाने सांगायचं? स्वतःच लावलेलं दार, आणि कडी बाहेरून पडल्यासारखी.

एकदा मी तापाने फणफणलो होतो, तेव्हा माझा विसरलेला चष्मा आणायच्या निमित्ताने बायको त्या खोलीत गेली आणि मी सांगितल्याप्रमाणे तो शब्द टाइप करून आली. घरी येऊन मला म्हणाली, "एवढ्यासाठी? एवढ्यासाठी तुम्ही लेकीच्या बाळंतपणाला आला नाहीत?" आज निघताना म्हणाली, "तुम्ही सांगा, नाहीतर मी उभी राहून सांगेन."

वाजले अकरा. बाई, चार्ट अडला म्हणून फोन तुमचाच वाजतोय. उठू नका, मला खाली पाठवू नका. तुमच्या चाचणीच्या डब्यात तो आत्ताही पडत-उठत असेल ना? त्यालाच उत्तर द्या. इंग्रजी अक्षरांत, आहे. आधी दोन ए... हां. द्या आता.

थांबू या जरा.

वाजले! ड्रायव्हर दादा, तुमचेच मोबाइल ना ते? आला का चार्ट? बघा बरं, उद्या सकाळी आमच्या लेकीच्या गावच्या सातच्या गाडीवर कोण आहे?... तुम्हीच? मग मागच्या बाजूची दोन तिकिटं आमची.

बाई म्हणतायत, हे उत्तर उद्यापासून डबा आपलं आपणच देईल. द्यावं. आनंद आहे. थोडं आत हललंही, खोटं कशाला बोलू.

मोठ्या साहेबांनी आत्ता माझ्या कानात विचारलं, "डॉक्टर, तरीपण एक आठवडा थांबता का, सवय होईपर्यंत?" साहेब, एकोणीस वर्षांत मला इथे एकच उत्तर देता आलं. आज दुसरं देतो. तिकडे बायको अर्धी उठलीच आहे, पण मीच देतो.

नाही.

तुम्ही मला सांभाळून घेतलंत, त्याचे आभार मानायला माझे शब्द अपुरे आहेत. जे लपवलं ते माझं चुकलं. बोलताना कुणाचं मन दुखावलं असेल, तर तेही पोटात घाला. घड्याळ-बॅगेसारखं आज काही आणलं असेल तर राहू द्या. बॅग आज भरायची आहे.