ऋतिकाचं सासरी जायचं तिकीट

"लांबच्या गाडीची एकच खिडकी, आनि तिथंबी लोकलवाले घुसतात!"

कर्जत स्टेशनात रांगेत माझ्यापुढे जवळच्याच कळंब गावचं एक वयस्कर जोडपं होतं. करवादली ती त्यातली बाई.

"अगं, सरकंल रांग. जाताना दोन, येताना तीन. ध्यानात हाय ना?"

"लेकीला आनायला चाललोय, तिलाच इसरीन व्हय?"

"कुठं दिलीय लेक?" मी विचारलं.

"लातूरला. माहेरपनाला आनतोय."

"मग मावशी, तिचं परत सासरी जायचं तिकीटही आत्ताच काढा. गणपतीत मिळत नाही."

"अवो, ऐकलंत? ऋतिकाचं जायचं..."

"मागून बगू."

"मागून मिळत नाय म्हंतात ताई."

"तू गप गं जरा."

"आळीतल्या बाया पयलं तेच इचारतात, कधी जानार म्हनून. तारीक सांगायला तरी काढून ठेवा."

"काका, बोला लवकर," खिडकीतून आवाज आला.

"लातूर. जाताना दोन, येताना तीन."

"आनि तिचं जायचं?"

"नाय काढायचं! मार खायला परत नाय धाडायची पोरीला. कोनी इचारलं तर सांग, कायमची आनली."