फ्रिस्कोतल्या सुतारांचा मांडव

...आणि परत नुसतं 'अच्छा' म्हणाल्या हो! नाही, मला सांगा, 'अच्छा' हे काय उत्तर झालं? आधी आपणच विचारायचं, "आडनाव काय म्हणालात?" समोरच्यानं छाती पुढं काढून सांगायचं, "सुतार!" आणि मग आपण ते लांबवायचं... अच्छाऽऽऽ! तुम्हाला सांगतो, आमच्या टेक्सासमधल्या फ्रिस्कोत मराठी माणसं उदंड, गणपतीला पार्किंग मिळत नाही, पण एकानं, एकानं तरी कधी विचारलंय का, "सुतार? वा! काय काय बनवायचे तुमच्याकडे?" छे! आणि मंडळाच्या शरयूकाकूंचं तर ठरलेलंच. "आडनाव काय म्हणालात?" मग "मूळचे कुठले?" मग 'अच्छा'! दर गणपतीला विचारतात आणि दर गणपतीला विसरतात!

आता मी यतीन सुतार काही लाजणारा माणूस नव्हे. का लाजू? आमचे आजोबा औंधच्या बाजूला बैलगाडीची चाकं करायचे. चाकं! तुम्ही कधी चाक केलंय? ...बरं, मीही नाही केलेलं, मी डेटाबेस सांभाळतो, पण मुद्दा काय, की बाभळीचा तुंबा, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, त्यात एकेक आरा असा ठोकून बसवायचा, की उसानं भरलेली गाडी ओढ्यात उतरली तरी चाकानं हूं की चूं करायचं नाही! पंचक्रोशीतनं माणसं यायची. आणि आमचा धाकटा नंदू, पुण्यात असतो, त्यानं गॅझेटात देऊन आडनाव बदललं. वडगावकर झाला! मला म्हणतो, "दादा, तूही टाक बदलून, अमेरिकेत कुणाला कळतंय?" म्हटलं, नंद्या, इथं कुणाला कळत नाही म्हणून तर आणखी घट्ट धरून ठेवणार! आजोबांचा रंधा सुटकेसमध्ये घालून आणलाय मी. एअरपोर्टवर तो ऑफिसर रंधा उलटासुलटा करून विचारतो, "सर, व्हॉट इज धिस?" म्हटलं, "माय सरनेम!" अजून खंडेनवमीला लॅपटॉपशेजारी रंधा मांडतो, आणि हळदकुंकू आधी रंध्याला, मग लॅपटॉपला.

तर असा मी, आणि मुलगी एकच, नेत्रा. म्हणजे बघा, भाऊ वडगावकर झालेला, राहिलो मी, आणि माझ्यामागं ती. आणि ही नेत्रा एक दिवस जेवताना, मी भाकरीचा तुकडा तोंडात घालतोय आणि ही म्हणते, "बाबा, आय वॉन्ट यू टु मीट ल्यूक." कोण ल्यूक? "ल्यूक शारपांतिये." काऽऽय? "शार-पां-तिये, बाबा. इट्स फ्रेंच." तुकडा घशात! अहो, एवढं जपलं, सख्ख्या भावाशी भांडलो, काकूंचे 'अच्छा' पचवले, आणि शेवटी आमची सुतार होणार शारपांतिये? वाईट वाटलं हो. खरंच वाटलं. बायकोला, राधिकेला, म्हटलं, "संपलं आपलं आडनाव." ती म्हणाली, "आधी भाकरी संपवा."

मग तो आला. उंच, हसरा, दारातच बूट काढले, तिथं त्याला एक मार्क दिला मी. पण आपली पद्धत आहे ना! मी सोडतोय होय? म्हटलं, "ल्यूक, यू आर फ्रॉम व्हेअर?" "डॅलस, सर." "तसं नाही, मूळचे! ओरिजिनल, ओरिजिनल!" "लुइझियाना, सर. डॅड्स साइड." "त्याच्या आधी?" "उम्... फ्रान्स?" "फ्रान्समध्ये गाव कुठलं? तालुका?" पोराला घाम फुटला! नेत्रा म्हणते, "बाबा, स्टॉप इट!" राधिका तर कुलदैवत विचारायच्या बेतात होती, मीच डोळ्यांनी गप्प केलं. शेवटी म्हटलं, गाव नाही तर नाही, "आडनावाचा अर्थ तरी काय? मीनिंग?" आणि तो पोरगा, वरण वाढून घेता घेता, अगदी सहज म्हणतो, "कार्पेंटर, सर."

...काय म्हणालास?

"कार्पेंटर. अ‍ॅक्चुअली, मुळात कार्ट-मेकर. टू-व्हील्ड कार्ट्स. माय डॅड लव्हज टेलिंग दॅट स्टोरी."

तुम्हाला सांगतो, मी उभाच राहिलो! दोन चाकांची गाडी! म्हणजे आमचे आजोबा आणि याच्या खापरपणजोबांचे कोण ते खापरपणजोबा, धंदा एकच! नेत्राला म्हटलं, "तुला माहीत होतं?" "ऑफ कोर्स, बाबा. तुम्ही मला अर्थ कुठे विचारला?" आता बोला!

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून सगळं वाचून काढलं. कार्पेंटम म्हणून दोनचाकी गाडी असायची, आणि तो शब्दसुद्धा रोमन लोकांचा नव्हे हो, तिथल्या जुन्या गॉल लोकांचा, रोमन लोकांनी उचललेला! ती गाडी करणारा तो कार्पेंटारियस, पुढं लाकडाला हात लावणारा कुणीही तोच, आणि त्याचा फ्रान्समध्ये झाला शारपांतिये. उत्तरेला गेलात तर कार्पांतिये. आणि आहेत किती! फ्रान्सभर आहेत, बेल्जियमकडं आहेत, कॅनडात क्यूबेकला आहेत, लुइझियानात तर आहेतच. असणारच! गाव म्हटलं की सुतार आलाच, त्याच्याशिवाय दार कोण बसवणार? इंग्लंडात तोच कार्पेंटर, जर्मनीत त्सिमरमान, गुजरातेत मिस्त्री. अहो, निम्मं जग सुतार आहे! आणि मी इथं एका 'अच्छा'शी कुस्ती खेळत बसलोय! तेवढ्यात मॅनेजर म्हणतो, "याटीन, एनी अपडेट्स?" म्हटलं, "व्हेरी बिग अपडेट!"

मग व्याही आले भेटायला, रेमंड. लुइझियानात दातांचे डॉक्टर आहेत. म्हणाले, "आमच्याकडं शाळेत हजेरी घेताना मास्तर एकदा शारपांतिये म्हणाले की निम्मा वर्ग 'येस' म्हणायचा!" आणि मग, तुम्हाला सांगतो, चहाचा कप खाली ठेवून त्या माणसानं विचारलं, "सूतार... ब्यूटिफुल नेम. व्हॉट डझ इट मीन?" इतकी वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो हो! आपल्या माणसांत बघत होतो, आणि विचारला कुणी? लुइझियानाच्या डेंटिस्टनं! म्हटलं, "कार्पेंटर." ल्यूकनं बापाला सांगितलंच नव्हतं! उठून मला अशी मिठी मारली, असं दाबलं, की चष्मा वाकडा. मी रंधा काढून दिला हातात. त्यांनी पात्यावरून हळूच अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आमच्याकडं सेंट जोसेफ, येशूचे सुतार वडील." म्हटलं, "आमच्याकडं विश्वकर्मा."

झालं! तिथंच ठरलं, लग्न आमच्या बॅकयार्डात आणि मांडव आम्ही दोघा व्याह्यांनी मिळून उभारायचा. राधिका म्हणते, "भाड्यानं आणा ना सरळ!" भाड्यानं? दोन सुतारांच्या घरचं लग्न आणि मांडव भाड्याचा? लोक काय म्हणतील... म्हणजे 'अच्छा'च म्हणतील, पण तरी! तर एक डेटाबेसवाला आणि एक डेंटिस्ट, कमरेला नवेकोरे पट्टे, त्यात हातोडे लटकतायत, चालताना मांडीवर आपटतायत! आडनावं पिढ्यान्पिढ्यांची, आणि खिळा एक सरळ जाईना! चार खांब उभे केले, तर चारी चार दिशांना बघतायत. रेमंड बारकाईनं बघून म्हणाले, "यांना तार बांधू या, सहा महिन्यांत सरळ येतील." अहो, लग्न उद्या आहे! आणि टेक्सासचा वारा, तो काय थांबतोय? सुटला तो, आणि मांडव असा हळूहळू... हळूहळू... आमच्याकडं नमस्काराला वाकला.

तेवढ्यात नवरी आली बाहेर. दोन्ही हातांवर मेंदी, नुकतीच वाळलेली. आमची नेत्रा पुलांची डिझाइनं करते, तिनं एकदा मांडवाकडं बघितलं, एकदा आम्हा दोघांकडं, आणि म्हणाली, "बाबा, मूव्ह." घेतला ड्रिल! ल्यूकनं शिडी धरली, हिनं कोपऱ्याकोपऱ्यात तिरक्या पट्ट्या मारल्या, आणि मांडव असा ताठ उभा राहिला, की आजोबा असते तर त्यांनी एक धक्का मारून बघितला असता आणि काही न बोलता घरात गेले असते. म्हणजे पास! अहो, माझ्या हातून निसटलेला आजोबांचा हात माझ्या मुलीच्या हातात उतरलेला मी बघितला. रडलो. रेमंडही रडले. आणि ही वरून म्हणते, "आणि बाबा, मी सुतारच राहणारेय हं. सुतार-शारपांतिये म्हणजे कार्पेंटर-कार्पेंटर, इट्स सिली." ल्यूक खालून म्हणाला, "वन पर मॅरेज इज इनफ, सर." एक खांब तेवढा मी हट्टानं माझ्याच हाताचा ठेवला, तिथं तिला पट्टी मारू दिली नाही. बापाचंही काहीतरी नको मांडवात?

लग्न झोकात झालं. आणि आल्या शरयूकाकू, मांडवातच! "अय्या, जावई फ्रेंच वाटतं? आडनाव काय म्हणालात?" म्हटलं, "शारपांतिये." "कित्ती गोड! अगदी अत्तरासारखं! आणि अर्थ काय हो?" बघा, अर्थ विचारला! जन्मात पहिल्यांदा विचारला! मी छाती पुढं काढली, चांगलं दोन्ही व्याह्यांच्या वतीनं काढली, आणि म्हटलं, "सुतार!"

"...अच्छाऽऽऽ," म्हणाल्या, आणि मागं रेलल्या.

काय करणार? म्हटलं, "काकू, 'अच्छा' म्हणा, काही म्हणा, पण त्या खांबाला तेवढं टेकू नका. बाकीचे तीन माझ्या मुलीनं ठोकलेत... तो मी ठोकलाय."