अस्तरातला पासपोर्ट

(शिंप्याचं दुकान. टेबलावर उसवलेला राखाडी कोट, शेजारी दोन उघड्या बॅगा.)

बायको : बाहीसुद्धा उसवा.

मास्तर : बाहीत पासपोर्ट कोण शिवतं?

बायको : आणि अस्तरात कोण शिवतं हो? शहाणी माणसं पर्समध्ये ठेवतात.

मास्तर : पर्स मारतात लोक. छातीवरचं अस्तर कुणी मारलेलं ऐकलंयस?

बायको : उद्या सकाळी विमान आहे. एक नाही, तीन! अठ्ठावीस तासांचा प्रवास. लेकीनं तीन महिन्यांची नात मांडीवर घेऊन तिकिटं काढली आणि तुम्ही माझा पासपोर्ट शिवून बसलात!

मास्तर : शिवला म्हणजे जपला.

बायको : मग कुठंय जपलेला?

मास्तर : यातच होता. डावी बाजू, दुहेरी शिलाई.

बायको : मुळात कोट कशाला? नकाशावर बटणाएवढा देश, तिन्ही बाजूंनी समुद्र, बारा महिने घामाच्या धारा. जावई हाफपँटवर ऑफिसला जातात तिथं.

मास्तर : मी शिंपी आहे. नातीला पहिल्यांदा भेटायला हाफपँटवर जाऊ? लोक काय म्हणतील?

बायको : कुठले लोक? तिथं आपल्याला काळं कुत्रंही ओळखत नाही.

मास्तर : अगं... थांब जरा.

बायको : सापडला?

मास्तर : नाही. कॉलरच्या आत खडूनं ‘प्रा.’ लिहिलंय. हा प्राध्यापकांचा कोट.

बायको : म्हणजे?

मास्तर : एकाच ताग्यातले दोन कोट. मापही सारखंच. परवा त्यांना माझाच देऊन बसलो वाटतं.

बायको : आणि त्यांचा उसवलात! पार बाहीपर्यंत!

मास्तर : बाही तू सांगितलीस.

बायको : उठा, आत्ताच्या आत्ता त्यांच्या घरी चला.

मास्तर : घरी कसले असतील? आज चारला त्यांचा निरोप समारंभ आहे कॉलेजात.

प्राध्यापक : मास्तर, आहात का?

बायको : अगं बाई! या, या सर. बसू नका, उभेच राहा.

प्राध्यापक : कोट उत्तमच आहे. तथापि डाव्या बाजूस काहीतरी कडक लागते. परवापासून हाच घालून भाषणाची तालीम करतो आहे. वाकलो की टोचते. आज सकाळी शेवटी घाबरून डॉक्टरांकडे गेलो.

मास्तर : डॉक्टरांकडे?

प्राध्यापक : कार्डिओग्राम काढला. म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, शिंप्याकडे जा.

मास्तर : सर, कोट काढा.

प्राध्यापक : अहो, तासाभरात माझे भाषण आहे!

बायको : आधी माझी नात, मग तुमचं भाषण. हात मागं करा!

मास्तर : कात्री दे. कोट हलवू नकोस गं... हा बघ!

बायको : माझाच. फोटोत डोळे वटारलेत.

प्राध्यापक : म्हणजे दोन दिवस माझ्या हृदयाशी वहिनींचे...

मास्तर : सर, पुढं बोलू नका. दोन टाके घालतो, हाच घालून जा.

प्राध्यापक : आणि टेबलावरच्या या चिंध्या कुणाच्या?

मास्तर : तुमच्या. म्हणून तर माझा कोट तुम्हाला दिला.

प्राध्यापक : मग प्रवासात आपण काय घालणार?

बायको : शर्ट. चार माणसांसारखा.

प्राध्यापक : ठीक. येतो. आता वाकूनही बोलता येईल. सुखरूप जा!

बायको : गेले बिचारे. आता तुमचा पासपोर्ट काढा. तो कशात शिवलात? उशीत?

मास्तर : शिवला नाही. मशीनच्या खणात आहे, बॉबिनांच्या डब्यात.

बायको : तुमचा उघड्यावर आणि माझाच तेवढा शिवून टाकलात?

मास्तर : माझा हरवला असता, तर तू गेली असतीस.

बायको : आणि माझा हरवला असता तर?

मास्तर : मी एकटा जाऊन काय करू? फोनवर तुला बघून हसते नात. मला बघितलं की भोकाड पसरते.





बायको : इंचपट्टी घ्या आठवणीनं. तिच्या पहिल्या फ्रॉकचं माप तुम्हीच घ्यायचं. रडली तर मी धरते.