मुशीचं तेल

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. उत्तनच्या दवाखान्यात सेलिना तापलेल्या लेकाला मांडीवर थोपटत बसली होती. शेजारी कोळणी सासू-सून, आणि दिवेलागणीनंतर दिसेनासं होऊन ठेचकाळणारी सुनेची लेक कमळी. सुनेच्या हातात नुकतीच मिळालेली औषधाची बाटली.

“हुंग गो सूनबाय. मुशी माशाच्या काळजाचं तेल हाय हे. आपण होडीला फासतो तेच!”

“डाक्तर बोलला, लढाईनं विलायती मासळीचं तेल बंद झालं, म्हणून मुंबईत हे काढतात. कमळीला सांजचं दिसंल.”

“कोणाला दिसलं आजवर?”

“आधी उंदरांना पाजून बघितलं म्हणं. त्यांचे डोळे सुधारले.”

“उंदीर येऊन बोलला काय?”

“आये, काल पोर चुलीत पडता पडता वाचली.”

म्हातारीनं सुनेपुढे हात केला. सेलिनाचा थोपटणारा हात थांबला.

“आण ती बाटली.”

“फेकू नको, आये!”

“फेकतंय कोण? उंदरानं घेतलं, आता माणसांत पयली मी घेते.”

म्हातारीनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं, पदरानं ओठ पुसले.

“उद्या सकाळी मी उठली, तं कमळीला दे.”