फुलबॅकचं बिऱ्हाड

…नाही, मी काय म्हणते, एखादीचा नवरा तमाशाच्या नादी लागते, एखादीचा गांजा ओढते, तर लोकं हळहळते तरी! पण 'आमचे हे फुटबॉलच्या टीमीचे म्यानेजर आहेत' असं म्हतलं का समोरची बाई माह्याकडं अशी पाहाते, जशी काही मी आत्ताच सर्कशीतून उतरून आली! "म्हणजे करते काय जी ते?" आता काय सांगाव? दुसऱ्याचे पोट्टे चेंडूले लाता मारते, अन् हे उभे राहून पाहाते? बरं, त्यातही हे 'मारा' म्हणत नाही, 'थांबा' म्हणते!

माह्या बापाची बी चूक नाही. आमी अकोटकडचे कास्तकार माणसं. मध्यस्थ घरी येऊन म्हणे, "पोरगा अमरावतीले आहे, निर्व्यसनी आहे, ब्याक आहे." बापानं ऐकलं ब्यांक! ब्यांकेतला जावई भेटला म्हणून बुढ्यानं गावभर पेढे वाटले. अन् लग्नाच्या पंगतीत कोणीतरी इचारलं, कोणत्या ब्यांकेत हो? तर हे पानावरून मान वर करून शांतपणे म्हणे, "उजवा फुलबॅक."

फुलबॅक म्हणजे काय, हे मले बी मंग समजलं. टीमीतले बाकीचे धावते, गोल करते, गळ्यात हार घालून घेते. फुलबॅक आपला मागं उभा. आलेल्याले अडवाचं, बस. तुमाले सांगते, या कामात आमच्या यायचा हात धरणारा अख्ख्या वऱ्हाडात कोणी नव्हता म्हणते! मंग एकदा कामठीहून गोऱ्या सोल्जरांची टीम आली. त्यायच्या पायात बूट, अन् यायच्या पायात? पायच! एक सोल्जर रेड्यासारखा धावून आला, हे आडवे झाले, अन् गुडघा गेला. चार जणांनी उचलून घरी आणलं. मी रडून राह्यली, सासू रडून राह्यली, अन् हे बाजेवर पडल्या पडल्या म्हणे, "रडता काहून? गोल नाही होऊ देला."

झालं! खेळणं संपलं, म्यानेजरी सुरू झाली. अन् माही बांधाबांध!

पयले अकोट. तिथल्या कापसाच्या जिनवाल्या शेठजीले टीमीची हौस. दर गोलाले वाजवाले त्यायनं बँडवाले बसवले होते. आमच्या यायनं टीमीले काय शिकवलं? मागं उभं राहा! पुढं गेले तर पाहाजा! हंगामभर बँडवाले तोंडाशी पिपाण्या धरून बसले, वाजवाचं कामच नाही. एकानं कंटाळून आपल्या मनानंच वाजवलं, तर रेफ्रीनं त्याले बाहेर काढलं! शेठजी म्हणे, "चंद्रभानजी, सालभर में एक गोल नहीं?" तर हे म्हणे, "केला नाही शेठजी, पण खाल्ला बी नाही."

केला नाही, पण खाल्ला बी नाही! घरी येऊन मात्र चार भाकरी खाल्ल्या त्या दिवशी. मी इकडं गाडगे-मडके बांधून राह्यली.

मंग बाळापूर. तिथं देशमुखायची टीम. टीम कायची, सारी भाऊबंदकी! काका, पुतण्या, साडू, सारे पुढं खेळणारे. मागं उभा राहाले कोणी तयार नाही. यायनं हळूहळू समजावून साऱ्यायले मागं आणलं, गोलकीपरले उभं राहाले जागा उरली नाही! मॅच बरोबरीत सुटली. देशमुख मिशीवर हात फिरवत म्हणे, "आमच्या घराण्यात आजपावेतो कोणी मागं हटलं नव्हतं, मास्तर!" हे म्हणे, "पण खाल्ला का?" बांधा बिऱ्हाड!

मंग चांदूर रेल्वे. स्टेशनातल्या लोकायची टीम. रेफ्रीनं शिट्टी फुंकली का त्या लोकायले वाटे गाडी सुटली, अन् गाडीची शिट्टी झाली का पॉइंटमन, खलाशी, सारे मैदान सोडून पयाले! उरलेल्या पाचसहा जणायले घेऊन बी आमच्या यायनं गोल होऊ देला नाही, बरं का. लय खूश होते तिथं. म्हणे, "पुढं जाणारे गाडीवर गेले, आपल्या कामाचे तेवढे उरले." पण मोठ्या स्टेशनमास्तरची बदली झाली, नव्याले टेनिस पाहिजे होतं. बांधा बिऱ्हाड!

मंग अकोला. तिथले महादेवराव, मोठे कापसाचे व्यापारी, माणूस देवासारखा. यायले भावासारखं वागवलं. पण त्यायले बी एक दिवस राहावलं नाही. जेवता जेवता हात जोडून म्हणे, "चंद्रभानजी, तुमी सोन्यासारखे माणूस. पण मॅच पाहाले लोकं येत नाही हो आता. काल तर गाई येऊन बसल्या मैदानात, अन् कोणाले उठवावं वाटलं नाही!"

मले माह्या तरासाचं काही नाही. पण माही विमल! पोरगी हुशार, पण शाळा किती? नव्या गावात गेलं का मास्तर तिले पयल्या धड्यापासून बसवे. चार गावांत चार वेळा पोरगी एकच धडा शिकली, पृथ्वी गोल आहे. मी यायले म्हतलं, "पृथ्वीचा बी गोल झाला! तुमच्या टीमीचा कवा होईन?" हसले नाही. इचार करून म्हणे, "पृथ्वीच्या मागं कोणी उभं नसन."

आता असा माणूस! याच्याशी भांडाव तरी कसं?

तर शेवटी अमरावती. मोरोपंत वकिलायचा क्लब. अन् अमरावतीत पोरीयचं हायस्कूल! विमल अशी रमली तिथं, अशी रमली… बाई तिच्या म्हणाल्या, ही मॅट्रिक होणार. अन् त्याच सुमाराले आमच्या नणंदबाई पार्बताबाई आल्या, स्थळ घेऊन. "शंभर एकर काळी जमीन आहे. बिजवर आहे, पण पोटाले कमी पडणार नाही. पोरीले किती शिकवसान? तुमचं तर आज इथं अन् उद्या कुठं." खरंच होतं ना! पुन्हा लहान गावाले गेलो तर पोरीची शाळा संपली, अन् शाळा संपली का हा बिजवर बसलेलाच आहे दारात.

अन् नेमकं तवाच वकील घरी आले. पुण्याले शिकलेला माणूस, रागावला तरी शुद्ध रागावते! "चंद्रभानजी, यंदा शिल्डाच्या अंतिम सामन्यात आपण आहोत आणि समोर अकोला आहे. महादेवरावांची टीम. शिल्ड अमरावतीस आलीच पाहिजे. न आल्यास… आपण सुज्ञ आहात." गेले. माह्या हातातला चहाचा कप हातातच.

म्या यायच्यापुढं बसून सांगतलं, "आजपावेतो काही मांगतलं नाही. एक गोल मांगते. एकच! विमलसाठी." हे कितीक वेळ गुडघ्यावर तेल चोळत बसले. मंग म्हणे, "मनकर्णा, पुढच्याचा चेंडू गेला तर मागं कोणी तरी असते. माह्या मागं कोणी नसे. म्हणून मले पुढं पाहातच येत नाही. सारी जिंदगी मागचंच पाहात आलो." मंग म्या म्हतलं, "मागं आमीच आहो ना. एकदा पुढं पाहा."

मॅचच्या दिवशी मी अन् शेजारच्या माणिकबाई, दमणीत बसून गेलो, मैदानाच्या कडेले कडुनिंबाखाली बैल सोडले. बायामाणसं कुठं जाते फुटबॉलले? पण मी गेली! अन् पाहाते काय, आपले अमरावतीचे सारे मागं उभे. अन् अकोल्याचे? ते बी सारे मागं! अहो, त्यायले बी आमच्याच यायनं शिकवलेलं ना! मधलं मैदान रिकामं, चेंडू एकटा. पयला दिवस संपला, कोणाचाच गोल नाही. म्हणे, उद्या पुन्हा खेळा. दुसऱ्या दिवशी तेच! माणिकबाई डुलक्या घेऊन राह्यल्या. तिसऱ्या दिवशी शिल्ड देवाले आलेले डिप्टी कमिशनर साहेब खुर्चीत बसून सारखं घड्याळ काढे.

अन् मॅच संपत आली तवा आपल्या टीमीतल्या भगवंतले चेंडू भेटला. एकटा! समोर कोणी नाही! अन् आमचे हे सवयीनं वरडले, "मागं ये!" पोट्टं आज्ञाधारक, फिरलं ना मागं! मले काय झालं कोणास ठाऊक, मी दमणीत उभी राह्यली, अन् डोक्यावरचा पदर सोडून वरडली, "अरे जाय ना पुढं, बयताडा!"

सारं मैदान माह्याकडं पाहून राह्यलं. वकिलायचा चष्मा नाकावर आला. हे बी वळले. माह्याकडं पाह्यलं. मी खाली बसली, वाटलं धरणी पोटात घेईन तर बरं… अन् तुमाले सांगते, या माणसानं दोन्ही हात वर केले अन् जल्मात पयल्यांदा म्हतलं, "पुढं! सारे पुढं!"

सारे सुटले! भगवंतनं असा हाणला चेंडू… खांबाले लागला! लागला अन् परत आला, अन् आपल्या मागं कोणीच नाही! अकोल्याचा गडी चेंडू घेऊन एकटा धावून राह्यला, अन् आमचे हे कडेनं, मोडक्या गुडघ्यानं, लंगडत त्याच्यासंगं धावून राह्यले. आतमंदी जाता येत नाही, अडवता येत नाही, नुसते धावून राह्यले! मी डोळे मिटले. म्हतलं, म्या बुडवलं या माणसाले. म्या, माह्या तोंडानं! डोळे उघडले तर चेंडू गोलाच्या बाजूनं बाहेर गेलेला, शिट्टी झालेली, अन् हे मैदानाच्या कडेले मातीत बसलेले. चेहरा पांढरा फक. एवढे वर्षं संसार केला, या माणसाले भेलेलं म्या तवाच पाह्यलं.

साहेबाले दौऱ्यावर जाचं होतं. चौथा दिवस म्हतल्यावर तो हात जोडे. म्हणे, दोघायलेही शिल्ड, सहा महिने अमरावती, सहा महिने अकोला. मंग सुरू झालं भांडण! वकील म्हणे, "अकोल्याला गेलेली वस्तू परत येत नाही, हा माझा अनुभव आहे." महादेवराव म्हणे, "अन् तुमच्याकडं आली तर तुमी तिच्यावर स्टे आणसान!" कोणी कोणाले सोडे ना. शेवटी महादेवरावांनीच आमच्या यायच्याकडं बोट दाखवलं, "याच्या ताब्यात द्या. या माणसानं आजपावेतो आपल्या हातून काही जाऊ देलं नाही." वकिलायनं बी मान डोलावली. दोघायनं मिळून यायले ठेवलं! सहा महिने या टीमीचे म्यानेजर, सहा महिने त्या. शिल्ड जिथं, तिथं हे.

मी घरी येऊन खुंटीवरचे बिऱ्हाड बांधाचे दोर काढले. म्हतलं, चला, आता सालातून दोनदा! हे दारात उभे. म्हणे, "दोर ठेव. म्या त्यायले पयलेच सांगतलं, बिऱ्हाड अमरावतीतच राहीन. विमलची शाळा आहे. पार्बतालेही निरोप धाडला, स्थळ नको म्हणून." अन् हात धुवाले निघून गेले. असं सांगतलं, जसं काही मीठ संपलं म्हणून सांगून राह्यले.

आता झाली ना मी सुखी? पक्कं घर, पक्की शाळा, दोर माळ्यावर. हे गेले अकोल्याले. पयल्या आठवड्यात बरं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात घर कसं नुसतं खायाले उठलं. शनिवारी म्या विमलले माणिकबाईकडं ठेवलं, भाकरी बांधल्या, बडनेऱ्याले गाडी बदलली अन् गेली अकोल्याले. हे म्हणे, "काहून आली?" म्या म्हतलं, "शिल्ड पाहाले." तवापासून हे तिकडं असले का दर शनिवारी जाते, सोमवारी येते. बडनेऱ्याचा तिकीटबाबू बी आता इचारत नाही कुठं म्हणून. बिऱ्हाड काही जागचं हालत नाही बाई… मीच हालून राह्यली.